डावी सीट

१

सिंदेवाहीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एक मिस्त्री राहत होता आणि त्याची एक बायको राहत होती. मिस्त्र्याचं नाव जलालुद्दीन, बायकोचं नाव कनीज. गोष्टीत तिसरीही एक आहे, पण तिचं नाव कोणालाच कळलं नाही, म्हणून दोघांच्याच नावानं सुरुवात करायची.

घर आणि गॅरेज एकाच अंगणात होतं. इकडे चूल, तिकडे टिनाचं शेड, मधे एक कडुनिंब. भाताची पेज काढता काढता कनीजला नवऱ्याची पाठ दिसे. दिवसभर पाठच दिसे म्हणा ना. तोंड गाडीत.

कनीज वाईट बाई नव्हती, पण जळकी होती, आणि हे तिचं तिलाही ठाऊक होतं. नवरा एखाद्या इंजिनाला कान लावून बसला की तिला त्या इंजिनाचा राग येई. असा कान त्यानं आपल्या बोलण्याला कधी लावला होता, ते ती आठवून पाही. आठवलं नाही की आणखी जळे.

लग्न नवं होतं तेव्हा असं नव्हतं. गाडी दुरुस्त झाली की ट्रायल घ्यावी लागते. जलालुद्दीन तिला हाक मारी, ती डोक्यावर पदर घेत धावत येई आणि डाव्या सीटवर बसे. मूल गावाच्या रस्त्यानं जंगलात शिरायचं, कुठंतरी टपरीवर चहा प्यायचा, परत फिरायचं. गाडी लोकांची, पण बसायची ती अशी की बघणाऱ्याला वाटावं हिच्याच बापानं दिली. मग सासू अंथरुणाला लागली, कनीजचं निघणं बंद झालं. सासू गेली, तरी त्याची हाक काही परत आली नाही. आपली हाक बंद झाली हे जलालुद्दीनच्या ध्यानातसुद्धा आलं नाही, आणि तेच कनीजला काट्यासारखं सलत राही.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. राईस मिलवाला विनोद आपली गाडी घेऊन आला. पांढरी, उंच, आपोआप गिअर बदलणारी.

"जलालभाऊ, हिचं काही समजत नाई. चालता चालता तिसऱ्या गिअरात अडकते. मंग ना वर जात ना खाली. बंद करून चालू केली की पुन्हा मक्खन."

"कवा अडकते?"

"तुमच्या वहिनीले बाजूले बसवून निघालो की हमखास. एकटा असलो की शहाणी." विनोद हसला. "जळते वाटते तिच्यावर."

जलालुद्दीनही हसला. चुलीपाशी कनीज होती, ती हसली नाही. नवरा त्या गाडीच्या दारावरून कसा हात फिरवतो, ते ती पाहत होती.

२

दुपारची नमाज झाली आणि तो गाडी घेऊन ट्रायलला गेला. आला तो खुशीत. मिस्त्री लोकांचं उलटं असतं. खराबी दिसली की त्यांना आनंद होतो.

"अडकली, कनीज! माझ्या हातात अडकली!" बाजेवर बसून तो घटाघटा पाणी प्यायला. "जंगलातल्या त्या वळणावर, मोठ्या मोहापाशी, एक बाई हात दाखवून उभी होती. थांबलो. दार उघडलं, म्हटलं बसा बाई. पाहतो तं कोणीच नाई. उन्हानं डोळे दिपले असतीन. दार लावलं, निघालो, आन् थोडा पुढं गेलो नाई तं अडकली पाह्य."

तो गाडीचं सांगत होता. कनीज दाराचं ऐकत होती.

आता इकडच्या रस्त्यांची एक रीत आहे. जंगलात कोणी हात दाखवला आणि आपल्या गाडीत जागा असली, तर सोडून जात नाहीत. बस कधीतरी येते, ऊन डोक्यावर, जनावराची भीती वेगळी. म्हणून आधी दार उघडायचं आणि मग कोण, कुठली ते पाहायचं. पुष्कळदा तर विचारतही नाहीत. जलालुद्दीनला ती सवयच होती. पाय ब्रेकवर गेला की हात आपोआप डाव्या दाराकडे.

"दार तुम्ही उघडलं? आतून वाकून?"

"मंग काय?"

"आन् 'बसा बाई' म्हटलं."

"मंग काय 'बसा भाऊ' म्हणू?"

"माझ्यासाठी कधी उघडलं होतं वाकून?"

"तू का मोहाखाली उभी राह्यते?" असं म्हणून तो हसत न्हाणीत गेला.

कनीज उठली आणि गाडीपाशी गेली. दुपारभर उन्हात चाललेली गाडी, पत्र्याला बोट लावलं तर चटका. उजव्या सीटवर तिनं तळवा ठेवला आणि झटकन काढला, इतकी ती तापली होती. मग डाव्या सीटवर ठेवला.

ती गार होती. माठ उचलल्यावर खालची जमीन असते ना, तशी.

कडुनिंबाची सावली पडली असेल, म्हणून तिनं मान वळवून पाहिलं. सावली गाडीच्या पलीकडे होती, उजव्या अंगाला.

सीटच्या मधोमध मोहाचं एक फूल होतं. वाऱ्यानं आत येऊन पडलेलं फूल फुगीर राहतं. हे चपटं होतं, कोणी वर बसल्यासारखं, आणि त्याचा रस कापडाला लागला होता. कनीजनं ते नखानं खरवडून काढलं, हुंगलं आणि चुलीत टाकलं.

३

जलालुद्दीन रोज जाऊ लागला. नागभीडच्या रस्त्यानं नेली की गाडी सरळ चाले, मूलच्या रस्त्यानं नेली की ते वळण गेल्यावर अडके. अंगणात उभी ठेवून कितीही वेळ इंजिन चालवा, काही होत नसे. त्यानं गिअरबॉक्सचं तेल पाहिलं, ते स्वच्छ. बॅटरीच्या तारा घासून पुन्हा कसल्या. स्कॅनर लावला, तर तो एकच सांगे, की गिअरकडे जाणारा हुकूम मधेच तुटतो. म्हणजे गिअरबॉक्स चांगला होता, कुठंतरी एखादी तार नीट लागत नव्हती. पण कुठं? माणसाच्या अंगात नसा असाव्या तशा त्या गाडीच्या पोटात तारा.

तो शीळ घालू लागला होता. ट्रायलला जाताना धुतलेला सदरा घाले. "लोकाची सीट हाय, तेल लागंल," म्हणे. बरोबर होतं त्याचं. पण आजवर इतक्या लोकांच्या इतक्या सीटा झाल्या, तेव्हा कुठं गेला होता हा सदरा? कनीज तांदूळ निवडता निवडता मनातल्या मनात खटला चालवी. साक्षीदार तीच, वकील तीच, आणि निकाल आधीच लागलेला.

असंच एकदा ती तांदूळ निवडत बसली होती. गाडी शेडमधे, बॉनेट वर, जलालुद्दीन कमरेपर्यंत आत. तेवढ्यात आवाज आला.

टुण. टुण. टुण.

"अजी, ते काय वाजून राह्यलं?"

"पट्ट्याची घंटी." त्याचा आवाज इंजिनाच्या आतून आला. "डाव्या सीटवर कोणी बसलं आन् पट्टा नाई लावला तं वाजते."

"मंग कोण बसलं?"

"कोणी नाई व! तार खराब हाय म्हणतो ना. खराब तार काहीही वाजवते."

हे तिला पटलं. का पटू नये? घरातला पंखाही पाऊस लागला की आपोआप फिरे. ती पुन्हा सुपाकडे वळली.

टुण. टुण. मग कट्, असा बारीक आवाज आला आणि घंटी थांबली.

सूप खाली ठेवून ती गेली आणि काचेतून पाहिलं. रिकाम्या डाव्या सीटवरून पट्टा आडवा घेतलेला होता आणि खाली खाचेत बसवलेला. पाठीला चिकटून नव्हता तो. जरा पुढं होता, फुगून.

"पट्टा कोणं लावला?"

"मीच लावून ठेवला असंल, कटकट नको म्हणून." त्यानं डोकं बाहेर काढलं नाही. मिस्त्री असं करतात, तिला माहीत होतं. पण त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते, आणि पट्टा स्वच्छ होता.

भुताची गोष्ट असती तर ती इथंच घाबरली असती. कनीज घाबरली नाही. तिच्या डोक्यात भूत आलंच नाही. तिच्या डोक्यात बाई आली. कोणीतरी हाडामांसाची, जंगलाकडच्या गावातली, मोह वेचणारी, तिला पट्टा लावायला जलालुद्दीननं शिकवलं असणार, आणि ती आता नसतानाही तो तिचा पट्टा लावून ठेवतो. जळक्या माणसाचं डोकं असं चालतं.

आणि त्यात सुगंधाबाईनं भर घातली. सुगंधाबाई शेजारची, भाजी विकणारी, मूलच्या बाजाराला बसनं जाई.

"काय भाभी, मजा हाय तुमची! आमाले इथी कांद्याच्या पोत्यावर बसून जा लागते, आन् तुम्ही पांढऱ्या गाडीत."

"मी कुठी गेली?"

"हे पाह्य! लपवते! काल दुपारी आमच्या बसच्या बाजूनं गेले ना दोघं. मी हात केला, तुम्ही तं पाह्यलंबी नाई. डोक्यावर पदर, तोंड खिडकीकडं."

कनीजच्या हातातली पळी हातातच राहिली. "पदर कोण्या रंगाचा होता?"

"आता रंग कोण पाह्यते माय? गाडी भुर्रकन गेली." मग सुगंधाबाईनं तिचं तोंड पाहिलं आणि टोपली उचलली. "मी जातो. माझी मेथी सुकून राह्यली."

४

त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. जलालुद्दीन मुकाट्यानं जेवला, आणि तो काही बोलला नाही याचाही कनीजला राग आला. अपराध्याशिवाय कोणी एवढं खारट गुपचूप खातं का?

सकाळी त्यानं हाक मारली. "कनीज, जरा येतं का? इथी बस आन् मीटरवर पाह्य. मी खालून तारा हलवतो. खराबीची पिवळी बत्ती लागली की सांग."

कितीतरी दिवसांनी त्यानं तिला डाव्या सीटवर बस म्हटलं होतं. ती ठसक्यात बसली. बसताच तिचे गुडघे पुढं आपटले. सीट फार पुढं सरकवलेली होती, एखाद्या बुटक्या बाईला हवी तशी.

"सीट कोणं पुढं घेतली?"

"लागली बत्ती!" जलालुद्दीन ओरडला. त्यानं अजून कुठल्याच तारेला हात लावला नव्हता. "ऊठ. ऊठ!"

ती उठली. त्यानं गाडी बंद करून चालू केली. बत्ती नव्हती.

"बस."

ती बसली, बत्ती लागली. पुन्हा उठवलं, पुन्हा चालू, पुन्हा बसवलं. पुन्हा लागली. जलालुद्दीन टाळी पिटून हसला. "विनोदभाऊ खरंच सांगत होता! बायको बसली की अडकते!"

बोल्ट काढून त्यानं सीट उलटी केली आणि बायकोला बोटानं दाखवलं, एखादा पोरगा चिंचा दाखवतो तसं. खाली एक चपटी काळी डब्बी होती. गिअरला हुकूम सोडणारी ती. तिच्यात तारांचा एक जुडगा खोचलेला, त्याला मिस्त्री कपलर म्हणतात. कपलरची खिट्टी तुटली होती, पिनांवर हिरवा गंज चढला होता. सीटवर वजन पडलं की वरची स्प्रिंग कपलरला दाबे, तो एवढासा सुटे आणि गिअर आंधळा होऊन तिसऱ्यातच बसून राही.

"एवढीशीच गोष्ट," तो म्हणाला. "आन् लोक गिअरबॉक्स बदलून टाकतात."

कनीज डब्बीकडे पाहत नव्हती.

"म्हणजे कोणी बसल्याशिवाय ते होत नाई?"

"नाई होत."

"तुम्ही तं एकटे जात होते."

"हो."

"आन् रोज अडके."

जलालुद्दीनच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. "खड्ड्यानं हलत असंल," तो म्हणाला.

"नागभीडच्या रस्त्याले खड्डे नाईत का?"

तो पिना घासू लागला. नको तितक्या जोरात घासू लागला.

"कोण बसे?" कनीजचा आवाज चढला. "सुगंधाबाईनं पाह्यली हाय. पदरवाली. मी घरी तुमच्या बनियनचं तेल काढत बसू आन् तुम्ही—"

"कनीज, खुदाची कसम, कोणी नाई बसत."

"मंग तुमच्याच मशीनले विचारा. ते तं खोटं बोलत नाई ना?"

त्यानं मान वर केली, आणि त्या तोंडाकडे पाहून कनीजला पहिल्यांदा शंका आली. पकडलेल्या माणसाचं तोंड तिला माहीत होतं. हे ते नव्हतं. पण शंका येऊन उपयोग नव्हता. निकाल तर कधीचाच लागला होता.

५

त्यानं पिना साफ केल्या, कपलर घट्ट बसवला, प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधला आणि स्प्रिंगपासून दूर, बाजूला वळवला. सीट मागं सरकवून बसवली. कनीजला बसवून पाहिलं. बत्ती लागली नाही. तिला दाबून बस म्हणाला, उड्या मार म्हणाला. लागली नाही.

"झालं. आता कोणीबी बसो, गाडी अडकणार नाई. एक ट्रायल, आन् देऊन टाकतो."

"मीबी येतो."

"ये ना," तो पटकन म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं, हे तिला दिसलं. "बस पुढं."

"पुढं नाई. ती जागा तिची हाय ना? मी मागं बसतो. येऊ द्या तिले."

जलालुद्दीन गाडीत बसला. कनीज मागं, त्याच्या पाठीमागं बसली, म्हणजे डावी सीट नीट दिसावी. दिवसाढवळ्याची गोष्ट आहे ही. ऊन असं होतं की डांबर पाण्यासारखं चमकत होतं. जंगल लागलं तसा रस्ता मोकळा झाला. झाडांखाली मोह वेचण्यासाठी पाला जाळून जमीन काळी केलेली. वेचणाऱ्या बाया सकाळीच येऊन गेलेल्या. दुपारी तिथं कोणी नसतं.

गाडी सुरेख चालली होती. गिअर कधी बदले ते समजतही नव्हतं.

वळण आलं. मोठा मोह आला. जलालुद्दीननं वेग कमी केला नाही, उलट वाढवला.

"थांबा," कनीज म्हणाली.

"कशाले?"

"रोज थांबता ना? आज काऊन नाई? मी हाय म्हणून?"

"कनीज, नको."

"थांबा म्हणतो!"

गाडी थांबली. मोहाखाली कोणी नव्हतं. काळी जमीन, पांढरं ऊन. पानसुद्धा हलत नव्हतं.

"उघडा दार."

त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. "मी नाई उघडत."

मग कनीजच मागून वाकली. दोन सीटांच्या मधून हात घालून तिनं डाव्या दाराची कडी ओढली आणि दार ढकललं. गरम हवा आत आली, मोहाचा वास आला. ती वाट पाहत राहिली, आणि रिकाम्या रस्त्याला, आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल असं, जिभेवर सगळं विष घेऊन म्हणाली, "या बाई. बसा. तुमचीच गाडी हाय."

काही झालं नाही. तिनं हात लांब करून दार ओढून घेतलं. "चला."

गाडी निघाली. कनीजला आता हसू येत होतं आणि रडूही. उघड्या रस्त्यावर आपण काय बडबडलो, याची लाज वाटत होती. सुगंधाबाईचे डोळे म्हातारे झालेत. सदरा तो सदराच. सीटला पाठ टेकून ती जरा सैल बसली.

तेव्हा समोरची डावी सीट खाली दबली.

हळू दबली. म्हातारी माणसं गुडघे धरून बसतात तशी. कापडाला मधोमध खळगा पडला आणि तो तसाच राहिला.

टुण. टुण. टुण.

"कपलर बांधला हाय मी," जलालुद्दीन म्हणाला. तिला नाही, स्वतःलाच. "बांधला हाय." समोर पिवळी बत्ती लागली होती. इंजिन ओरडू लागलं, गाडी तिसऱ्यात अडकून घुमत होती, पुढचा गिअर घेतच नव्हती. तो डावीकडे पाहत नव्हता. एवढे दिवस त्यानं कधीच डावीकडे पाहिलं नसणार, हे कनीजला त्याच्या मानेवरून समजलं.

पाहिलं तिनं. सीटकडे नव्हे. डाव्या अंगाच्या बाहेरच्या आरशात.

पदराची कड. गालाचं हाड. आणि एक डोळा, आरशातून नेमका मागं वळलेला, कनीजवर रोखलेला. त्या डोळ्यात काय होतं ते तिनं लगेच ओळखलं. रोज सकाळी वेणी घालताना ती आरशात तेच पाहत असे. ही मागं बसलेली कोण, माझ्या माणसाच्या गाडीत ही काऊन आली, असं तो डोळा म्हणत होता.

६

दुसरी कोणी असती तर दार उघडून पळत्या गाडीतून उडी मारली असती. कनीजही घाबरली होती, पण त्या डोळ्यानं तिच्या पोटात जे पेटवलं ते भीतीपेक्षा मोठं होतं. इतकी वर्षं मी झिजले. याच्या आईची घाण मी काढली. आणि ही वळणावरून येऊन बसते, आणि वरून माझ्यावर जळते?

तिनं साडी सावरली, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकला, आणि सीटांच्या मधून सरकून पुढं आली.

"काय करून राह्यली? कनीज!"

"तुम्ही रस्ता पाह्या."

ती बसली. पण बसली ती सीटवर नाही. खाली मांडी होती. हाडकुळी, गार, आणि तिच्या वजनानं जरा हललेली. मानेमागं कोणाचा तरी श्वास थांबला. उठावं असं तिला वाटलं, तिच्या रोमारोमाला वाटलं. पण उठलं की जागा गेली. ते तिला पक्कं माहीत होतं, तुम्हा-आम्हाला आपलं घर माहीत असतं तसं.

"सरक," कनीज म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माझा नवरा हाय. सरक."

घंटी वाजत होती. इंजिन ओरडत होतं. जलालुद्दीन तोंडातल्या तोंडात कुराणातली आयत म्हणत होता आणि ती मधेच विसरत होता.

"जागा मी सोडत नाई," ती म्हणाली. मग अगदी हळू, "उतर म्हणत नाई मी. सरक."

खालची मांडी हलली. एक, मग दुसरी. दाराच्या बाजूला काहीतरी सरकलं, साडीला साडी घासल्यासारखा आवाज झाला, आणि कनीजच्या खाली सीटचं तापलेलं कापड आलं. अर्धी सीट. तिचा उजवा खांदा नवऱ्याच्या बाजूला मोकळा होता. डाव्या दंडाला दुसरा दंड टेकला होता, आणि तो तसाच टेकून राहिला.

कट्. पट्टा लागला. तिनं तो लावला नव्हता.

घंटी थांबली, पिवळी बत्ती विझली. गाडीनं एक हलका हिसका दिला, चौथा गिअर पडला, मग पाचवा, आणि रस्ता लोण्यासारखा मागं जाऊ लागला.

"चालू गाडीत ती बत्ती विझत नसते, कनीज," जलालुद्दीन रडक्या आवाजात म्हणाला. "बंद केल्याशिवाय नसते विझत."

"विझली ना? मंग चला घरी."

७

विनोद गाडी घेऊन गेला आणि पुन्हा तक्रार घेऊन कधी आला नाही. त्यानं दहा ठिकाणी सांगितलं. मग मूलकडून, गडचिरोलीकडून, पार जिवतीच्या डोंगरातून गाड्या येऊ लागल्या. तारांची खराबी ओळखावी तर सिंदेवाहीच्या जलालुद्दीननं, असं झालं. आणि लोक असंही म्हणू लागले की ज्या गाडीच्या ट्रायलला कनीजबाई बसते, ती गाडी पुन्हा बिघडत नाही. गिऱ्हाईक स्वतःच विचारे, "बाई गेल्या होत्या ना?"

कारण आता जलालुद्दीन एकटा ट्रायलला जातच नसे. हातातलं काम टाकून दारापाशी येऊन उभा राही, तिचा पदर नीट होईपर्यंत थांबे. वाकून डावं दार तिच्यासाठी आतून उघडे. दार उघडलं की तो दुसरीकडे पाही, आणि ती बसून "चला" म्हणेपर्यंत मान वळवत नसे. बोलायला मात्र शिकला. सगळा रस्ता तिच्याशी बोले, तिचं ऐकून घेई. इतकं तो लग्न नवं असतानाही बोलला नव्हता.

सुगंधाबाईला राहवलं नाही.

"भाभी, एक विचारू? रागवू नका. तुमच्या बाजूले ती कोण बसते व? एका सीटवर दोघी, चेंगरून. बहीण हाय का?"

कनीज तिच्या टोपलीतली वांगी चाचपत होती. "बहीणच समजा."

"कधी आली? घरी तं दिसत नाई."

"घरी नाई येत ती." कनीजनं दोन कोवळी वांगी निवडली. "तिले फिराले आवडते."

पुढं देवानं त्यांना भरभरून दिलं. टिनाच्या शेडच्या जागी विटांचं गॅरेज झालं, वर स्लॅब पडला, पाटीवर दोघांची नावं लागली. आणि यंदा, मोह गळायच्या आधी, जलालुद्दीननं घरची गाडी घेतली. जुनी जीप आहे, पण इंजिन घड्याळासारखं. तिची पुढची सीट एकसंध, बाकासारखी लांब, तिघांना ऐसपैस बसता येतं. आता कोणाला चेंगरावं लागत नाही. जलालुद्दीन चालवतो, खिडकीशी वारा लागतो, आणि कनीज मधे बसते.